शिट्टी वाजली की लपायचं

झाकण फरशीवर पडलं, कडेवर उभं राहिलं आणि गोल गोल फिरत सुटलं. स्टीलच्या डब्याचं झाकण. दुपारच्या अभ्यासाच्या वेळेत आमच्या वसतिगृहात पंख्यांच्या घरघरीखेरीज दुसरा आवाज नसे, त्यामुळे त्या झाकणाची किणकिण तळमजल्यापर्यंत पोचली असेल. रेश्मानं पाय पुढे करून ते दाबलं, तेव्हा कुठे खोली पुन्हा गप्प झाली. आणि त्या गप्पपणात कॉरिडॉरमधून चपलांचा आवाज आला. कोठावदे मॅडमच्या चपला आम्ही झोपेतही ओळखल्या असत्या.

भूमीनं माझ्याकडे पाहिलं. साडेतीन वर्षांची माझी लेक, तोंडात चुरमुऱ्यांचा बोकणा. मी नुसत्या भुवया उंचावल्या. ती खाटेवर चढली, माझ्या गादीची वळकटी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरली आणि दिसेनाशी झाली. दिवसा गाद्या गुंडाळून ठेवायच्या हा तिथला नियमच होता. त्या नियमानं आम्हाला लपायची जागा दिली होती.

रेक्टर मॅडम आत आल्या नाहीत. उंबऱ्यावरूनच त्यांनी खोली वाचून काढली, खाटा, टेबलं, दोरीवरचे कपडे. आवाज कसला झाला, विचारलं. रेश्मा म्हणाली, डबा पडला. मेसमध्ये आत्ताच जेवलात ना, मग लगेच चुरमुरे कशाला, असं त्या म्हणाल्या. त्यावर रेश्मा म्हणाली की मेसची आमटी मॅडमनी एकदा स्वतः खाऊन बघावी. दुसरी कुणी असं बोलती तर तिची खैर नव्हती. पण सातपुड्याकडची ही तडवींची पोर इतक्या भाबड्या चेहऱ्यानं बोलायची की समोरच्याला राग धरायला जागाच सापडत नसे.

मी वळकटीला पाठ टेकून बसले होते. पाठीला भूमीचा श्वास कळत होता. तोंडातले चुरमुरे ती चावत नव्हती.

जाता जाता मॅडमनी सांगितलं की उद्या सकाळी अग्निशमन दलाची माणसं येणार आहेत. इमारतीला आग लागली तर काय करायचं याची तालीम आहे. नेमकी वेळ ते सांगत नाहीत. सूचना मिळाली की सगळ्यांनी हातातलं काम टाकून मैदानात यायचं.

"एकही मुलगी आत राहता कामा नये," त्या म्हणाल्या. "मी स्वतः मोजणार आहे."

चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मग वळकटीमागून अगदी हळू विचारणा झाली, "आई, आता चावू?"

आता भूमी तिसरीत आहे आणि चुरमुरे खाताना सगळ्या घराला ऐकू जाईल असे खाते.

वसतिगृहाचे नियम जिन्याजवळ भिंतीवर रंगवलेले होते. खोलीत कॉइल, शेगडी, इस्त्री वापरू नये. गॅलरीच्या कठड्यावर बसू नये. आणि सगळ्यांत खाली, लाल रंगात, बाहेरच्या व्यक्तीस खोलीत ठेवल्यास त्याच दिवशी प्रवेश रद्द. हे नुसतं रंगवलेलं नव्हतं. आदल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या एका मुलीची धाकटी बहीण परीक्षेला म्हणून आली आणि मुक्कामाला राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलीची ट्रंक फाटकाबाहेर होती. ती मुलगी कोठावदे मॅडमच्या नात्यातलीच होती, त्यामुळे कुणाला नाव ठेवायचीही सोय राहिली नाही.

मला त्या लाल ओळीची भीती वाटण्याचं कारण साधं होतं. बी.एस्सी. झाल्या झाल्या लग्न झालं, वर्षभरात भूमी झाली. पुढे शिकायचं म्हटल्यावर सासऱ्यांनी बराच विचार करून एम.एस्सी.पुरती परवानगी दिली होती आणि वर स्पष्ट सांगितलं होतं की मध्ये खंड पडला तर पुन्हा विषय काढायचा नाही. भूमी माझ्या आईकडे होती. ऐन शेवटच्या सत्रात आई अंगणात घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. भूमीचे बाबा गुजरातेत कंपनीत, शिफ्टची ड्यूटी, एका खोलीत सहा पुरुष. सासरी कळवलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं, पोरीला घे आणि घरी ये. माझं शेवटचं प्रॅक्टिकल चार दिवसांवर आलं होतं. विद्यापीठ शहराबाहेर माळावर, ओळखीचं एक घर नाही. भावानं भूमीला बसस्टँडवर आणून माझ्या हातात दिलं, आणि मी तिला वसतिगृहात नेलं ते गादीच्या खोळीतून. एक टोक रेश्माकडे, एक माझ्याकडे. फाटकावरच्या कौसाबाई म्हणाल्या, गादी लई जड दिसती गं. रेश्मा म्हणाली, नवा कापूस आहे मावशी. जिना चढेपर्यंत तो नवा कापूस खुदुखुदु हसत होता.

पुढचे दिवस आमच्या मजल्यावर सण असल्यासारखे गेले. भूमी कुणाची हे विचारायची सोय उरली नाही, ती सगळ्यांची झाली. एक जण केस विंचरायची, एक जण गोष्ट सांगायची, आणि शेजारच्या खोलीतली वर्षाराणी, जी परभणीची होती आणि कुणाशी दोन शब्द बोलत नसे, ती तिला मांडीवर घेऊन वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातली पानं-फुलं दाखवत बसायची. दूध तापवायला कॉइल निघायची. म्हणजे एका नियमाच्या पोटात दुसरा नियमही मोडला जात होता, पण एकीला म्हणून त्याचं काही वाटत नव्हतं. उलट सगळ्याजणी अशा उजळल्या होत्या की मेसमध्ये कुणी विचारावं, काय गं, लॉटरी लागली की काय.

लपायचं तेवढं मी भूमीला नीट शिकवलं होतं. आमच्याकडे एक पद्धत होती. नळवाला, वायरमन, कुणाची ट्रंक वर आणणारे वडील, कुठलाही पुरुष इमारतीत शिरला की कौसाबाई त्याच्यापुढे शिट्टी वाजवत चालायच्या. शिट्टी ऐकली की मुलींनी खोल्यांत जायचं, दारं लावायची, आणि तो माणूस बाहेर गेल्याची दुसरी शिट्टी होईपर्यंत उघडायची नाहीत. म्हणून मी भूमीला सांगितलं होतं, शिट्टी वाजली की माणूस येतो. माणूस आला की वळकटीमागे. कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आई स्वतः येऊन 'ये' म्हणेपर्यंत गप्प. आम्ही तो खेळ इतक्यांदा खेळलो होतो की कॉरिडॉरमध्ये साधं कुणी ओठांनी शीळ घातली तरी माझी लेक दिसेनाशी व्हायची.

त्या संध्याकाळी आमच्या खोलीत सल्लामसलत झाली. तालमीला सगळा मजला एकदम खाली जाणार, म्हणजे भूमीलाही न्यायला हवं. रेश्मानं ठरवलं की उंच मुलींनी बाहेरून कोंडाळं करायचं, मध्ये मी आणि भूमी. मागच्या जिन्याची जाळी एरवी आमच्याच सुरक्षिततेसाठी कुलूपबंद असायची, पण तालमीसाठी ती उघडणार होती. तिथून उतरायचं आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांकडे वळायचं. तिथं वर्षाराणी भूमीला घेऊन चादरींच्या आड बसेल. ती मोजणीत नसली तर, असं मी म्हटलं. ती शेवटी धावत येईल, रेश्मा म्हणाली, परभणीवाले उशिराच येतात. वर्षाराणीनं तिला उशी फेकून मारली. मग आम्ही दोनदा सराव केला, कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि भूमीला ते इतकं आवडलं की ती तिसऱ्यांदा करूया म्हणून हटून बसली.

सकाळी मी भूमीच्या अंघोळीसाठी गरम पाण्याची बादली आणायला कॉरिडॉरच्या टोकाच्या न्हाणीघरात गेले होते. भूमी खोलीत खाटेवर पाय हलवत बसली होती. रेश्मा वेणीसाठी रबर मागायला वर्षाराणीकडे गेली होती. म्हणजे दोघींपैकी एक तिच्याजवळ आहे असं दोघींनाही वाटत होतं.

शिट्टी वाजली. कौसाबाईंची नव्हे, चांगली लांबलचक, छातीतून काढलेली. आणि तिच्यामागे पुरुषांच्या बुटांचा आवाज.

त्यानंतर जे घडलं ते आठवून आम्ही मैत्रिणी आजही फोनवर हसतो. आख्ख्या इमारतीत धडाधड दारं लागली. कड्या सरकल्या. कॉरिडॉरमध्ये दात घासत उभी असलेली एक मुलगी ब्रश तोंडात धरून समोर दिसेल त्या खोलीत घुसली. आम्ही न्हाणीघरातल्या सात-आठ जणींनीही दार लावून घेतलं आणि श्वास रोखून उभ्या राहिलो. सवयच तशी. क्षणभरानं इमारतीत शुकशुकाट झाला, आणि त्या शुकशुकाटात एक जाडसर आवाज म्हणाला, "मॅडम, आग लागल्यावर मुली आत जाऊन कड्या लावतात हे मी नोकरीत पहिल्यांदा पाहतोय."

ते अग्निशमन केंद्राचे पाचपांडे साहेब होते. मग त्यांनी भोंगा घेतला आणि बाहेर या, सगळ्या बाहेर या, ही आगीची तालीम आहे, असं ओरडत सगळा कॉरिडॉर पालथा घातला. दारं उघडली, हसण्याचा एकच लोट उसळला आणि सगळ्याजणी जिन्याकडे धावल्या. मी खोलीकडे वळले तर कौसाबाईंनी माझं मनगट धरलं. मागे फिरायचं नाही, साहेबांनी बजावलंय, सामानासाठी मागे गेलेलीच जळून मरती. मी मान वळवून पाहिलं. आमच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, खाटेवर कुणी नव्हतं. रेश्मानं नेलं, असं मी धरून चालले. जिना उतरताना चक्क हलकं वाटत होतं. कोंडाळं नाही तर नाही, पण काम झालं.

मैदानात मजल्याप्रमाणे रांगा लागल्या. मला आधी वर्षाराणी दिसली, आमच्याच रांगेत उभी. ती इथं काय करतेय? तिच्यामागून रेश्मा आली. ती माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे पाहत होती. मी तिच्या हातांकडे.

"तुझ्याजवळ होती ना?" ती म्हणाली.

मी वळून आमच्या खिडकीकडे पाहिलं.

कोठावदे मॅडम बोट पुढे करत रांगांवरून फिरत होत्या. शेवटच्या मुलीशी पोचल्या आणि समाधानानं मान हलवली. वसतिगृहात जेवढ्या मुली, तेवढ्या मैदानात. आकडा चोख जुळला होता. पाचपांडे साहेबांनी विचारलं, नक्की आत कुणी नाही ना? कुणी नाही, मॅडम म्हणाल्या. मग साहेब आमच्याकडे वळले. पहिल्या फेरीत तुम्ही सगळ्यांनी स्वतःला कोंडून घेतलंत, तेव्हा धूर म्हणजे काय असतो हे तुम्हाला डोळ्यांनी दाखवणं भाग आहे, असं म्हणून त्यांनी हात वर केला. पहिल्या मजल्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या माणसांनी कसल्याशा नळकांड्या पेटवल्या. आमच्या कॉरिडॉरच्या खिडक्यांतून पांढरा दाट धूर बाहेर यायला लागला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

रेश्मानं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. तू थांब, मी जाऊन आणते, कुणाला कळणार नाही, असं ती कानाशी पुटपुटत होती. पण जिन्याशी दोन माणसं उभी होती. कळल्याशिवाय आता कुणी आत जाऊ शकत नव्हतं. मला अकरा वाजताचं प्रॅक्टिकल दिसत होतं, फाटकाबाहेरची ट्रंक दिसत होती, सासऱ्यांचा आता बास म्हणणारा चेहरा दिसत होता. आणि या सगळ्याच्या पुढे वळकटीमागे गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, ओ न देणारी भूमी दिसत होती. मी रांगेतून बाहेर पडले.

"मॅडम, आत एक जण आहे."

"कोण राहील? आकडा जुळलाय, बोरसे."

"ती आकड्यात नाही, मॅडम."

कोठावदे मॅडमना काही कळायच्या आत पाचपांडे साहेबांना कळलं. त्यांनी मला फक्त दोन गोष्टी विचारल्या, खोली कुठली आणि वय काय. साडेतीन, मी म्हटलं. त्यांनी वर बघून धूर थांबवा म्हणून आरोळी ठोकली आणि तोंडाला मुखवटा बांधत जिन्याकडे पळाले, मागून त्यांची दोन माणसं. थोड्या वेळानं वरच्या खिडकीतून त्यांतल्या एकानं डोकं काढलं. हाका मारल्या, खाटेखाली बघितलं, कपाट बघितलं. खोली रिकामी आहे.

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. आणि मला एकदम उमगलं की ती रिकामी असणारच. शिट्टी झाली होती. एक सोडून तीन पुरुष खोलीत शिरले होते. ते तिला हाका मारत होते. माझी लेक शिकवल्याबरहुकूम वागत होती.

"माझ्याशिवाय ती बाहेर येणार नाही," मी म्हटलं. कौसाबाईंनी या वेळी मनगट धरलं नाही, उलट माझ्या नाकातोंडाला लावायला स्वतःचा रुमाल दिला आणि मला पुढे लोटलं.

जिन्याच्या वळणाच्या वर काही दिसत नव्हतं. धूर विषारी नसतो असं नंतर साहेब म्हणाले, पण डोळ्यांना ते कोण सांगणार. भिंत हातानं चाचपत मी चालत होते. याच कॉरिडॉरमध्ये आदल्या संध्याकाळी आम्ही हसत हसत दोनदा पळालो होतो, आता तो संपता संपेना. दारं मोजायचं सुचलं नाही. पायाला आमच्या दारापुढची फुटकी फरशी लागली तेव्हा मी आत वळले. साहेब दाराशीच उभे होते, मुखवट्यातून त्यांचा श्वास घरघरत होता.

"भूमे, ये," मी म्हटलं.

काही हललं नाही.

मी पुन्हा म्हटलं. खोकला आला, तो दाबून तिसऱ्यांदा म्हटलं. माझ्या आवाजातच काही राहिलं नव्हतं. मग वळकटीमागून, धुरातून, अगदी दबक्या सुरात, मला सावध करावं तसं कुणीतरी बोललं.

"आई, तुझ्यामागे माणूस आहे."

पाचपांडे साहेबांनी त्या मुखवट्यातून जो आवाज काढला तो हसण्याचा होता की आणखी कशाचा, मला आजवर कळलेलं नाही. मी वळकटी खाली भिरकावली आणि तिला उचललं. तिचं अंग गरम होतं, डोळे चुरचुरत होते, आणि तिला माझा राग आला होता. माणूस जायच्या आधी आई 'ये' म्हणाली म्हणजे आईनं खेळ बिघडवला होता. जिना उतरेपर्यंत ती माझ्या खांद्यावर तोंड पुसत तेच सांगत होती. साहेब पुढे चालत होते, आणि तिला दिसू नये म्हणून वळणावर कडेला होऊन अंधारात उभे राहिले.

आम्ही उन्हात आलो तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. आमच्या मजल्यावरच्या मुली रडत होत्या, बाकीच्या आ वासून बघत होत्या. रांगांचा पार विस्कोट झाला होता. वर्षाराणीनं पाण्याची बाटली भूमीच्या तोंडाला लावली. कोठावदे मॅडम सावकाश चालत माझ्यासमोर आल्या.

"कधीपासून?"

सोमवारपासून, मी म्हटलं.

"खाते काय?"

मेसमध्ये असेल ते, मी म्हटलं. दुधाचं त्यांनी विचारलं तेव्हा मात्र मी खाली बघितलं. त्यांनी खोलीच्या खिडकीकडे एकदा पाहिलं, जणू तिथून कॉइल दिसत होती.

"आणि हे असं लपायला कुणी शिकवलं?"

"मी शिकवलं, मॅडम."

"छान शिकवलंस," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मध्येच तुटला.

मी भूमीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. अकरा वाजायला अवकाश होता. ट्रंक बांधायला किती वेळ लागेल, प्रॅक्टिकलच्या आधी बांधावी की नंतर, भूमीला प्रयोगशाळेच्या पायरीवर कुणाजवळ बसवावं, असले हिशेब डोक्यात चालू झाले होते. मागून रेश्मा पुढे आली आणि म्हणाली की खोली तिचीही आहे, तेव्हा काय रद्द करायचं ते दोघींचं करा. मग वर्षाराणी आली. मग आमच्या मजल्यावरच्या मुली एकेक करून येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मॅडमनी त्या सगळ्यांकडे पाहिलं.

पाचपांडे साहेब मुखवटा गळ्यात अडकवून, तोंडावर पाणी मारून आले. त्यांनी घसा साफ केला. तालीम अजून संपलेली नाही म्हणाले, सगळ्या बाहेर आल्यावर पुन्हा एकदा मोजायचं असतं, तो आकडा त्यांना अहवालात लिहायचा असतो, आणि तो अहवाल थेट कुलगुरूंकडे जातो. वसतिगृहातल्यापेक्षा आकडा जास्त भरला तर का भरला तेही लिहावं लागतं.

"आत धूर होता, मॅडम," ते म्हणाले. "धुरात काय दिसलं ते मी लिहीत नसतो. तुम्ही मोजाल ते लिहितो."

पुन्हा रांगा लागल्या. या वेळी कुणी हसत नव्हतं. मी भूमीला कडेवर घेऊन रेश्मा आणि वर्षाराणीच्या मध्ये उभी राहिले. लपवायला आता काही उरलं नव्हतं. मॅडमनी पलीकडच्या टोकापासून मोजायला सुरुवात केली, मोठ्यानं, प्रत्येकीच्या छातीसमोर बोट नेत. आधी नुसतं जुळवून पाहिलं होतं, आता त्या उच्चारून मोजत होत्या. तळमजल्याची रांग संपली. आमची सुरू झाली. बोट जवळ येत होतं. भूमी मान पुढे काढून त्या बोटाकडे टक लावून पाहत होती. एवढ्या सगळ्या मावश्यांना एकेक करून काहीतरी वाटलं जातंय असं तिला वाटत असावं.

"एकशे अकरा." रेश्मा.

"एकशे बारा." मी.

बोट भूमीसमोर आलं. तिनं पाठ ताठ केली. बोट तिथं थांबलं, हवेत, तिच्या नाकापासून वीतभर. मी मनात एकच धोशा लावला होता, पुढे जाऊ दे, पुढे जाऊ दे, हिला मोजू नका. मॅडमनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग बोट उचललं आणि पलीकडे नेलं.

"एकशे तेरा," त्या वर्षाराणीला म्हणाल्या.

शेवटची मुलगी मोजून झाली. आकडा जुळला. साहेबांनी तो लिहिला आणि वहीच्या कडेला पेन खोचून ठेवलं. आत कुणी राहिलं नव्हतं, जास्त कुणी निघालं नव्हतं. माझी सीट शाबूत होती, अकरा वाजता मी प्रयोगशाळेत उभी असणार होते, सासरी कुणाला काही कळणार नव्हतं. रेश्मा माझ्या पाठीवर गुद्दे मारत होती. सगळा मजला एकदम बोलायला लागला, कुणीतरी बिस्किटं आणली, वर्षाराणी चक्क मोठ्यानं हसली. मॅडम जाता जाता माझ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या की संध्याकाळपासून हिला त्यांच्या क्वार्टरवर झोपवायचं, तिथं पाहुण्यांना बंदी नाही. मला हसावं की रडावं कळेना. मी भूमीचा गाल माझ्या गालाला लावला.

तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई," तिनं विचारलं, "मी कितवी?"